अकरा किलो दोनशे

कागदावर सगळं नीट झालं होतं.
गाडी शलाकाला, मोटरसायकल मला.
वेल्शपूलचं घर तिला,
श्रूजबरीतली ही दीड खोली मला.
आणि लवंगी
एक आड एक पंधरवडा.

वकिलाने विचारलं नाही,
कुत्री बसमध्ये ओकते, तिचं काय.

म्हणून रविवारी कीथच्या गॅरेजात.
कीथने चाळीस वर्षं शवपेट्या केल्या.
म्हणाला, भोकं पाडलेली पेटी
माझ्या हातून ही पहिलीच.

आधी माप.
टेप लवंगीला अगोदर साप वाटली, मग खेळणं, मग खाऊ.
नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साठ.
बसली की कानांसकट पंचावन्न.
वजनासाठी तिला उचलून मी काट्यावर,
मग मी एकटा काट्यावर.
वजाबाकी: अकरा किलो दोनशे.
मापात पाप नको म्हणून तीनदा केली.
एकटा मी दर वेळी तेवढाच भरलो.

लाकूड पुस्तकांच्या कपाटाचं, मधली फळी.
तिच्यावर पेन्सिलीने शलाकाचं अक्षर,
पहिलं घर बदलताना लिहिलेलं:
ही बाजू वर.
कीथ रंधा घेऊन आला.
मी म्हटलं, तेवढी जागा राहू दे.
त्याने राहू दिली. त्याला सवय असावी.

तळाला तिचीच विसरलेली योगाची चटई,
सायलेन्सरच्या बाजूला केकचा जुना ट्रे ठोकून पत्रा,
छातीपट्ट्याला कडी, कडीला बोल्ट,
बोल्टला असा नट जो धक्क्याने सैल होत नाही.
असे नट मिळतात, हे मला
बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

चाचणीला दहा किलो तांदूळ, वर सव्वा किलो तूरडाळ.
पन्नास ग्रॅम जास्त, चालायचंच.
पहिल्याच गोल चौकात पुढचं चाक हलकं झालं,
हँडल कुणाचंच ऐकेना.
परत आलो, पेटी आसाच्या पुढे दोन बोटं सरकवली.
दोन बोटांत एवढा फरक पडतो.

तीन संध्याकाळी लवंगी पेटीत जेवली, इंजिन बंद.
चौथ्या संध्याकाळी इंजिन चालू, आणि ती बाहेर,
तोंडात चिकनचा तुकडा, डोळ्यांत माझ्याविषयी शंका.
आठव्या दिवशी थरथरत बसली.
गॉगल मात्र तिने ओरबाडून काढला तो काढलाच.

निघालो. ताशी चाळीस मैल, त्यावर नाही.
मागचे ट्रकवाले वैतागले, एका पोराने खिडकीतून हात केला,
ब्रेडनची टेकडी उजवीकडून सोबत आली.
आरशात रस्ता दिसत नव्हता,
दोन कान दिसत होते.
सरहद्दीवरच्या लाल ड्रॅगनवर ती भुंकली.
वळणावर माझ्याआधी कलत होती,
जणू हा रस्ता तिनेच आखलेला.

शलाका दारात, कोपरापर्यंत मातीचे हात.
लवंगी उडी मारून आत गेली,
वळूनसुद्धा पाहिलं नाही.
शलाकाने पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं,
कडी ओढून बघितली, दोनदा.
मग वाकून वाचलं, मोठ्याने:
ही बाजू वर.
पुढे काही बोलली नाही. मीही.

मी हेल्मेट घालत होतो तेव्हा म्हणाली,
रिकामी कशी नेशील? वाऱ्यात डोलेल.
आणि परसातून बटाट्यांचं पोतं आणलं,
या वर्षीचे, ओल्या मातीचे.
पोत्याच्या गळ्यात लवंगीची कडी अडकवली.

घरी आल्यावर
पोतं घेऊन मी काट्यावर,
मग मी एकटा काट्यावर.
नऊ किलो आठशे.
तीनदा केलं.

बटाटे अजून पेटीतच आहेत.
चटईवर चिखल साचलाय.
कीथ म्हणतो, एक भोक
तळालाही हवं होतं.