बर्फाचा ट्रे

आमच्या फ्रिजमध्ये बर्फाचा ट्रे एकच.
बारा खण. एक तडकलेला, म्हणजे अकरा.
रविवारी त्यावर दोघांचा हक्क:
माझ्या उजव्या गुडघ्याचा
आणि डेव्हलपरचा.

नेरुळच्या नळाला मे महिन्यात पाणी येतं
एकतीस अंशांचं. फिल्मला हवं वीस.
गुडघ्याला काय हवं ते तो सांगत नाही,
नुसता फुगतो.
हेरंब म्हणतो, "दुसरा ट्रे घे की,
चाळीस रुपयांना मिळतो."
त्याला कसं सांगू की प्रश्न ट्रेचा नाही.
तसा तो ट्रेचाच आहे. पण मी घेत नाही.

सकाळी सहाला खाडीकडच्या मैदानात
आम्ही जमतो, जेवढे जमतो तेवढे.
कळंबोलीहून जगतार,
रात्रभर ट्रेलरमधून लोखंड उतरवून थेट आलेला;
करावे गावचा जयेंद्र भोईर,
त्याच्या स्टिकला सायकलच्या ट्यूबची पट्टी;
गोलात कुटिन्हो सर, वय बासष्ट,
पॅड बांधायला त्यांना वीस मिनिटं लागतात
आणि सोडायला, हरलो तर, चाळीस.
मी राइट हाफ.
अकरा वर्षं तीच जागा:
टाकीच्या सावलीपासून चुन्याच्या रेषेपर्यंत.

पावणेसातला डोंगरामागून ऊन आडवं येतं,
उडालेल्या धुळीचा कण न् कण सुटा दिसतो,
आणि डोळा आपोआप मोजू लागतो,
अ‍ॅपर्चर आठ की अकरा?
तेवढ्यात चेंडू पायांमधून निघून जातो.
जगतार ओरडतो,
"मॅडमजी, बॉल पकडा! ऊन उद्यापण येणार!"
उद्याचं येईल. हे नाही येणार.
पण बोलत नाही,
गोल आमच्यावर झालेला असतो.

उलटंही होतं.
बाथरूममधली बादली बाहेर काढून,
दाराच्या फटीत अप्पांचा जुना पंचा कोंबून
अंधारात रिळावर फिल्म चढवताना
तळव्यावरचा फोड फुटतो
आणि दिसतं ते सकाळचं चुकलेलं टॅकल,
परत, परत.
फिल्म एकाच खाचेत दोनदा बसते.
दोन फ्रेम एकमेकींना चिकटून
कायमच्या आंधळ्या.

खाडीवर रोहित उतरतात तेव्हा
अख्खं सेक्टर मोबाईल घेऊन धावतं,
गुलाबी, गुलाबी!
माझ्या फिल्मवर ते राखाडी.
चिखलही राखाडी, त्यांच्याहून थोडा गडद.
मला तो थोडा पुरतो.

मागच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी खेळायचं नाही म्हणून सांगितलं.
रेषेबाहेर बसले, पायाला क्रेप बँडेज, गळ्यात कॅमेरा.
म्हटलं, चला, आज पोटभर.
पस्तीस मिनिटांचा हाफ, छत्तीस फ्रेम,
हिशेब इतका चोख की हसूच आलं.
संध्याकाळी अकराच्या अकरा खडे
डेव्हलपरला दिले.
गुडघा ठणकत राहिला.

बुधवारी रात्री लाल बल्बखाली
कागद हलवत होते,
एकविसावी फ्रेम वर येऊ लागली:
आधी कुटिन्हो सरांचे पॅड, मग धूळ,
मग जगतार, कमरेत वाकलेला,
मान डावीकडे, आणि न बघता, सवयीनं
उजवीकडे पास दिलेला.

उजवीकडे कोणी नाही.
टाकीच्या सावलीपासून चुन्याच्या रेषेपर्यंत
नुसतं ऊन,
आणि त्यातून निघालेला चेंडू,
पांढऱ्यावर पांढरा,
कडेला जेमतेम एक राखाडी चंद्रकोर.

आता फिक्सरमध्ये टाकायला हवा होता.
चिमटा धरून मी उभीच.
कागद काळवंडत चालला होता
आणि दाराबाहेरून हेरंब विचारत होता,
"अप्पांना सरबत हवंय गं,
बर्फ उरलाय का थोडा?"