नऊसारखा एक

सोहारच्या बंदरामागे, आमच्या पत्र्याच्या ऑफिसात
खोक्यातून आले एकशे शहात्तर फॉर्म.
काहींवर चहाची कडी, काहींवर सिमेंटचा अंगठा.
प्रश्न पाचवा : एका पाळीत पाणी किती पिता, लिटरमध्ये?
जुलै चालू होता. एसीचं पाणी बादलीत टपकत होतं,
तेही मोजावंसं वाटलं मला.

मारिसेलने आकडे चढवले, मी ताळा घेतला.
बेरीज सातशे चार, भागिले एकशे शहात्तर :
चार. दशांशापुढे काहीच नाही.
कंपनीचं उद्दिष्टही चारच.

इतकी गुळगुळीत सरासरी दिसली
की माझ्या तळहाताला खाज सुटते.
शाळेत गुर्जरबाई म्हणायच्या,
उत्तर पूर्णांकात आलं ना, मग एकदा मागे वळून बघ.

बघितलं. ठिपके मांडले एका ओळीवर.
तीन-चारपाशी दाटी, पाचावर तुरळक,
पुढे सहा ओसाड, सात ओसाड, आठ ओसाड,
आणि लांब उजवीकडे, नऊवर,
एकाच्या डोक्यावर एक
अकरा ठिपके.

मारिसेल म्हणाली, काढून टाकू या का?
टोकाचं मूल्य वगळावं, असं शिकवतातच की.

इथे आकडे तीन वेषांत येतात.
अरबी पाच म्हणजे पोकळ गोळा, शून्याचा भाऊ;
त्याला फसायची नाही ती,
चिठ्ठीच चिकटवली होती तिने स्क्रीनच्या कडेला.
पण हे अकरा फॉर्म मी उपसून काढले
आणि मला हसू आलं,
आणि अर्ध्यातच थांबलं.
वर वाटोळं, खाली शेपूट.
पाटीवर पहिल्या दिवशी गिरवलेला
आपला एक.

गट सहा. परांची बांधणारे.
कोण दापोलीचा, कोण दांगचा, कोण सिवानचा.
दुपारची सुट्टी संपता संपता गेले तिथे.
शब्बीर बुरोंडकर हातमोजे झटकत होता.
म्हटलं, एकच लिटर? या उन्हात?
म्हणाला, "वर बाथरूम नाय, मॅडम.
पट्टा सोडा, उतरा, चाला, परत चढा.
पंचवीस मिनटं जातात, फोरमन कापून घेतो.
मग आमी तहानच कापली."

हे प्रश्नावलीत कुठेच नव्हतं.
प्रश्नावली मी बनवली होती.

नवी बेरीज सहाशे सोळा.
सरासरी साडेतीन.
फरक अर्ध्या लिटरचा, म्हणजे
बैठकीत प्रत्येकापुढे मांडलेली
ती एक बाटली, सील न तोडलेली.

खलफानसाहेब तसा भला माणूस.
चष्मा वर सरकवून म्हणाले,
साडेतीन? मस्कतला अपूर्णांक आवडत नाहीत.
जवळच्या पूर्णांकात लिही.
साडेतीनचे नियमाने चार होतात.
नियम मला पाठ आहे.
अकरा माणसं पुन्हा त्या चारच्या पोटात
बिनबोभाट मावली असती.

मी पुढची स्लाइड लावली.
तिच्यावर सरासरी नव्हती, नुसते ठिपके.
साहेबांची नजर सवयीने उजवीकडून निघाली,
रिकाम्या नऊवरून, आठ, सात, सहावरून,
चारच्या गर्दीतून वाट काढत
डाव्या कडेला पोचली
आणि तिथे जरा जास्त वेळ राहिली.

"वाहिद?" त्यांनी विचारलं.
हो, म्हटलं, एक.
फळ्यावर काढून दाखवला, मोठा.

कोणी काहीच बोललं नाही.
मारिसेलने तो वहीत उतरवून घेतला;
शेपूट जरा आखूड पडलं तिचं.