दुकान की घर

टीव्ही आला मंगळवारी, फुलेवाडीत, रिक्षातून.
मी आणि मेव्हण्यानं उभाच धरून आणला,
आडवा करायचा नाही म्हणून बजावलं होतं.
बारा हप्ते. खोकं अजून पलंगामागं आहे,
वॉरंटी संपेपर्यंत टाकायचं नाही, शालन म्हणते.

पहिल्याच रात्री बातम्या सांगणारी बाई
कावीळ उतरायच्या आत गोवर उठल्यासारखी.
क्रिकेटचं मैदान इतकं हिरवं
की म्हैस सोडली तर दावं तोडून पळेल.
आणि रविवारी, स्वयंपाकाच्या कार्यक्रमात,
तांबडा रस्सा राणी रंगाचा
आणि पांढरा रस्सा, आईशप्पथ, निळा.
"नीळ घातली का काय गं ह्यात?" सासूबाई म्हणाल्या
आणि स्वतःच्या वाटीतला खरा रस्सा
जरा जवळ ओढून घेतला.

मग दुरुस्ती सुरू झाली.
वायर काढली, फुंकली, घातली.
दुसऱ्या भोकात घातली.
केबलवाला म्हणाला टीव्हीत दोष,
टीव्हीवाला म्हणाला केबलमध्ये.
शेजारचे घोरपडे उगाच गच्चीवर चढले,
आमच्याकडं छत्रीच नाही, हे त्यांना वर गेल्यावर कळलं,
तरी ओरडत राहिले, "आता? आता आलं?"
ऋतिकानं मेनूत शिरून आकडे फिरवले,
पन्नासचे तीस, तीसचे ऐंशी,
बातम्यावाली निळी पडली, मग उन्हात वाळली,
शेवटी कुठून निघालो होतो तेच कुणाला आठवेना.

मला कुणी विचारलं नाही.
खरं तर रंगातलं घरात मलाच कळतं.
तेवीस वर्षं महाद्वार रोडला गादीवर बसून साड्या उलगडतोय.
अंजिरी कुठं संपतो आणि वांगी कुठं सुरू होतो,
हे मी बोटानं दाखवू शकतो.

बुधवारी कंपनीचा सादिक मुजावर आला.
पाठीवरची सॅक न उतरवता रिमोट घेतला,
पाचेक बटणं दाबली असतील.
"काका, ह्यो अजून दुकानातच हाय."
म्हणजे?
"शोरूमच्या मोडवर. पहिल्यांदा लावताना विचारतोय की त्यो,
दुकान की घर. कुणीतरी दुकान दाबलंय."

सगळ्यांनी ऋतिकाकडं बघितलं.
दाबलं होतं मी.
दुकान म्हटल्यावर बोट आपोआप गेलं होतं.

आठ दिवस तो बिचारा आमच्या खोलीत
शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायला धडपडत होता.
शेजारी होतं कपाट,
आणि कपाटावर शिलाई मशीनचं झाकण.
तुला घेतलंय, असं कुणी सांगितलंच नव्हतं त्याला.

मी हसलो. मग हसायचा थांबलो.
आमच्या गादीवर बारा पिवळे दिवे आहेत,
काठाची जर पेटते त्यांच्याखाली.
गेल्या दिवाळीत कागलची एक बाई म्हणाली,
बाहेर उजेडात नेऊन बघू का जरा?
मी म्हणालो, बाहेर काय वेगळं दिसणार वहिनी, रंग हाच.
तिनं घेतली. सतराशे पन्नास.

सादिकनं 'घर' दाबलं.
खोलीभर काहीतरी विझल्यासारखं झालं.
"ई, फिकं!" ऋतिका म्हणाली.
"पयलंच बरं हुतं," सासूबाई.
शालन उठली, नेसत्या साडीचा पदर
पडद्यावरच्या कुठल्याशा बाईच्या पदराला लावून बघितला,
आणि काही न बोलता पोह्यांच्या बशा उचलल्या.

सादिक बशीत चहा ओतत म्हणाला,
"दोन दिवस थांबा. डोळं बसत्यात."

हे वाक्य माझं आहे.
रोज दहादा म्हणतो मी, गादीवरून,
घडी घालता घालता.

रात्री पुन्हा तोच कार्यक्रम लागला.
तांबडा तांबडा होता, पांढरा पांढरा.
तिखट जरा कमी पडल्यासारखा.
कुणी चॅनल बदललं नाही.
मी मात्र पडद्यापेक्षा
खिडकीकडंच जास्त बघत होतो,
बाहेर अजून थोडा उजेड होता.