सोमल

हार्बिन, जानेवारी. नदी रस्त्यासारखी घट्ट.
तोंग बाई कात्रीनं फोटो कापतायत,
एकेक गुणसूत्र, जोडीला जोडी.

सतरावं तोकडं.
पंधराव्याच्या टोकाला भलतीच पट्टी.
ह्याची टोपी त्याला,
एका पेशीत, कधीतरी, कुणी बघत नसताना.
मोजलं तर सेहेचाळीसच भरतात. हरवलेलं काहीच नाही.

पेशंट बर्फ कोरणारा, ग्वान देलू.
मनगटावर जांभळे डाग.
म्हणतो, छिन्नी लागली असेल.
डॉक्टर सोमल लिहून देतात.
उंदरांचा? बायको विचारते.
तोच. मोजून.

एप्रिलात नदी तडकते, रात्रभर आवाज.
ग्वानचा नवा फोटो दोरीवर, अजून ओला.
खाली तो स्वतः, बाकावर,
सूर्यफुलाच्या बिया सोलतोय, टरफलं खिशात.

तोंग बाई कात्री शोधतायत.