मोजदाद

शिवणाचा टेप घेऊन मी त्याला मोजलं.
नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साडेतीन फूट,
शेपूट वेगळी.
मग हॉल मोजला, दहा बाय अकरा,
त्यातून दिवाण वजा, कूलर वजा,
मनस्वीची सायकल वजा.
उरलेल्या जागेत तो एकदाच वळू शकतो,
तेही उजवीकडून.

ह्यांनी आणला होता चार दिवसांसाठी.
हे गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर.
सुरत हायवेवर ट्रकनं मागचा पाय चेचलेला,
दवाखान्यात जागा म्हणजे बैल उभा करायचा लोखंडी खोडा,
आणि बिराबा ठेलाऱ्याला थांबता येत नव्हतं:
दीडशे मेंढ्या, तापी अजून पुढं, चारा संपत आलेला.
"ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या," म्हणाला,
"नाही तर पावसाच्या तोंडी माघारी येतो आम्ही, तव्हा नेईन."
जाताना कुत्र्याकडं पाहिलं नाही त्यानं.
कुत्र्यानं पाहिलं, बराच वेळ.

चार दिवसांचे सात आठवडे झाले.
धुळ्यात, देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात.
चव्वेचाळीस.
फरशीवर त्याची नखं घसरतात,
थोराड माणूस ओल्या मोरीतून जावा तसा जपून चालतो,
आणि कुणी बघितलं की थांबतो.
मी जुनी गोधडी अंथरली, पाय रोवायला.
बिस्किटं हुंगून सोडतो;
कळण्याची भाकरी ताकात कुस्करली की
थाळी ढकलत ढकलत भिंतीला लागतो.

लोटनअप्पा जिन्यात अंग चोरून उभे:
"हाई कुत्रं शे का घोडं शे वं माय?
घरमा इतलं मोठं जनावर?"
तक्रार नाही म्हणाले, पण सोसायटीच्या वहीत
अक्षर त्यांचंच.
खालची शैलाताई उलट म्हणते, ठेव गं,
पाण्याच्या दोन मोटरी गेल्या चोरीला,
असलं धूड दारात हवंच.
दोघांनाही मी हो म्हटलं.

ह्यांना विचारलं तर म्हणतात, पाय तर भरला.
हे काही उत्तर नव्हे.
मनस्वीला विचारलंच नाही.
तिनं त्याला नाव दिलंय
आणि तो त्या नावाला वळायला लागलाय,
उशिरा, भिडेखातर.

रात्रीचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.
दर तासाला उठतो.
आधी दार. मग गॅलरी. मग मनस्वीची खाट,
मग आम्ही दोघं, मग कूलरच्या मागंसुद्धा,
आणि परत दाराशी येऊन बसतो, डोळे उघडे.
मला वाटलं पाय ठणकत असेल. वाटलं, उकाडा.
परवा ह्यांचा साक्रीला कॅम्प होता, मुक्काम पडला.
त्या रात्री तो बसलाच नाही.
तिन्ही खोल्यांतून नखं, टक टक, टक टक,
आणि पहाटे चारला भुंकला,
एकदाच, दबक्या आवाजात,
हिशेब लागत नाही असं सांगितल्यासारखा.

दीडशे मोजणाऱ्याला
आम्ही तीन दिलीत.
त्यातलंही एक कधी कधी मुक्कामी.

काल बिराबाचा फोन लागला. स्पीकरवर टाकला,
मागं मेंढ्या, मागं वारा.
मी पायाचं सांगितलं, भाकरीचं,
टेपनं मोजल्याचंही सांगून टाकलं. तो हसला.
म्हणाला, तीन आठवड्यांत येतो वर.
मग जरा थांबून,
"झोपतो का पण?"

गॅलरीच्या दारात तो उभा होता,
कान फोनकडं,
शेपूट हलावी की नाही अशी मधेच राहिलेली.

"हो," मी म्हटलं. "चांगला झोपतो."

फोन ठेवला तसा तो आला,
माझ्यापाशी थांबला,
मला मोजलं,
आणि पुढच्या खोलीत गेला.