स्थिती-अहवाल

कागद सतराव्या शतकातला, शाई तपकिरी.
चित्रकार अज्ञात, बहुधा डच;
कॅटलॉगात एवढंच.
एक नदी, कलंडलेलं झाड,
पुलावर कुणीतरी उगाच थांबलेला,
आणि वर, कोऱ्या सोडलेल्या आभाळात
नऊ पाखरं.

बॅलार्ड इस्टेटच्या गार हॉलात
आकडा लाखालाखाने चढला.
फोन धरलेल्या मुलीने मान हलवली,
हातोडा पडला. टाळ्या, मोजक्याच.

शेवटच्या रांगेतून हिल्लामाय उठल्या, काठी चाचपत.
ग्रँट रोडच्या घरी हे मोरीजवळच्या पॅसेजात होतं.
"गोवर निघालेला तेव्हा माझी खाट तिथेच.
रोज मोजायची मी. अकरा होते."

मार्चमध्ये, भिंगाखाली,
श्वास रोखून, स्काल्पेलच्या टोकाने
दोन ठिपके मीच उचलले होते.
माशीची घाण.
अहवालात तसंच लिहिलंय, खाली माझी सही.

"उडाले असतील," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं,
जरा जास्तच वेळ,
मग लिफ्ट आली का ते विचारलं.