लाइन सरळ नाही

पहाटे चारला कसब्यात पाणी सोडायला येतो
भागूजी ओव्हाळ,
खांद्यावर छातीएवढी लोखंडी चावी,
टोकाशी झिजून गुळगुळीत.
मी नवी ज्युनिअर इंजिनिअर, काखेत नकाशा.

नकाशात लाइन सरळ आहे.
तो म्हणतो, मॅडम, हितं ती सरळ नाही.
पतसंस्थेच्या पाटीखाली डावीकडं वळते,
अकरा फूट जाते, मग येते परत रस्त्यावर,
बसलेल्या म्हशीला वळसा घालावा तशी.
'अठ्ठ्याण्णव साली खणताना पहार वाजली.
चुन्यात बसवलेला दगड, उन्हाळ्यात गार.
मुकादम म्हणाला, कोट आहे रे, सोड त्याला.'

कोट.
मी वर बघते. बंद शटर, रसवंतीचं उलटं ठेवलेलं बाकडं,
अर्ध्या झोपेतलं कुत्रं.
वेस म्हणतात अजून या भागाला
रिक्षावाले, पोस्टमन, लग्नपत्रिका;
उंबरा नाही, कवाड नाही.

शाळेत एवढंच होतं:
जाळलेलं पुणं, गाढवाचा नांगर.
पुढचं कुणी घोकून घेतलं नाही,
की पडलेला कोट एका रात्रीत जात नसतो,
तो जातो कुणाच्या जोत्याला, कुणाच्या मोरीला,
धुणं आपटायच्या एका दगडाला.

'आमचा खापरपणजा वेसकर,'
झाकण उचलताना भागूजी सांगतो.
'हितला का दुसऱ्या गावचा, ठावं नाही.
सांजेला कवाड लावायचं, पहाटे उघडायचं.
लावलं की आपण बाहेरच्या अंगाला.'
मग तोंडात तंबाखू, आणि आटे मोजणं:
एक, दोन, तीन…
चौदाव्याला जमिनीखालून धाप लागल्यासारखा आवाज.
'वळणावर घुटमळतंय,' तो म्हणतो.

मी पेन्सिलीनं नकाशावर बाक काढते.
कारणाचा रकाना.
'अडथळा' लिहिते. खोडते.
'कोट' लिहिलं तर साहेब विचारणार, कुठं आहे दाखवा.

वरच्या मजल्यावर पहिली बादली वाजते.
भागूजी चावी खांद्यावर टाकतो.
'आतल्यांना आलं,' म्हणतो,
'पलीकडं पोचायला अजून वीस मिनिटं धरा.
तिकडं प्रेशर कमीच.'